हृदयाचा आलेख काढणारे डॉ. आइंटहोव्हन

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणा तरी थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, असा परिपाठ आहे. आजवर संतांची, समाजसुधारकांची आणि थोर स्त्रियांची चरित्रे आपण वाचली. यंदा ते काम अध्यक्षाबाईंनी माझ्यावर सोपविले, तेव्हा मी आधी नकोच म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. हाताला लेखणीपेक्षा लाटण्याचीच सवय अधिक. परंतु दोन वर्षांपासून एका परदेशी माणसाचे नाव माझ्या मनात घर करून बसले आहे. त्यांच्याविषयी चार शब्द आपल्या भगिनींना सांगावेत, असे फार वाटत होते, म्हणून अखेर होकार दिला.

ते नाव डॉ. विलेम आइंटहोव्हन यांचे. हे गृहस्थ हॉलंड देशाचे. ज्याला आपण कार्डिओग्राम किंवा ईसीजी म्हणतो, तो हृदयाचा आलेख बिनचूक काढणारे यंत्र त्यांनी तयार केले. वैद्यकाच्या जगात त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. आपल्या स्वयंपाकघरापर्यंत मात्र ते आलेले नाही. माझ्यापर्यंत ते कसे आले, हे आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी आषाढी एकादशीचा उपास करून सासूबाई झोपल्या आणि द्वादशीच्या पहाटे अंथरुणात उठून बसल्या. पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मध्ये दुखत होते, जबडा जड झाला होता आणि पावसाळी गारवा असूनही कपाळावर घाम डवरला होता. छातीत दुखते, असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. उपासाचे खाणे बाधले, हे पित्तच आहे, असा निवाडा मीच केला. आमसुलाचे पाणी दिले, सोडा दिला, पाठीला तेल चोळले. त्यांनाही ते पटले, कारण द्वादशीचा स्वयंपाक व्हावयाचा होता. सकाळी एका दवाखान्यात नेले. तेथेही पोटाचेच औषध देऊन घरी पाठविले. दुपारी श्वास लागू लागला, तेव्हा कोठे मोठ्या रुग्णालयाची वाट धरली.

तेथे आत घेतल्यावर दहा मिनिटांच्या आत एक मुलगी लहानशी पेटी घेऊन आली. तिने हातापायांना चिमटे लावले, छातीवर सहा ठिकाणी चकत्या चिकटविल्या, आणि गुलाबी चौकटींच्या कागदाची एक पट्टी सरसर बाहेर आली. डॉक्टरांनी ती पाहिली मात्र, लगेच सर्वांची धावपळ सुरू झाली. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या एका वाहिनीत गुठळी अडकली होती. सासूबाई वाचल्या. परंतु सकाळपासूनचे जे सात-आठ तास वाया गेले, त्यात हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. आज त्यांना देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत. पायरीशी उभ्या राहून त्या हात जोडतात, तेव्हा मला ते आमसुलाचे पाणी आठवते.

माझ्या जावेची मुलगी परिचारिका आहे. त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसल्या बसल्या मी तिला विचारले की, त्या कागदावरच्या वेड्यावाकड्या रेघांत डॉक्टरांना एवढे काय दिसले, आणि पहाटे मला ते का दिसले नाही. तिने तेव्हा आइंटहोव्हन यांची गोष्ट सांगितली. पुढे तिने त्यांच्यावरचे लेख आणून मला समजावून दिले. त्यातून मला जे कळले, ते येथे देत आहे.

विलेम यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारंग या गावी झाला. जावावर त्या काळी डच लोकांचे राज्य होते. त्यांचे वडील तेथे डॉक्टर होते. विलेम सहा वर्षांचे असतानाच वडील वारले. मागे आई आणि सहा मुले राहिली. १८७० साली त्या माउलीने सहाही मुलांना घेऊन समुद्र ओलांडला आणि हॉलंडमधील उत्रेख्त या शहरी ती येऊन राहिली. चरित्रांतून त्या बाईंविषयी यापेक्षा फारसे लिहिलेले आढळत नाही. पण त्या काळचा बोटीचा प्रवास, पदरी सहा लेकरे आणि कर्ता पुरुष नाही, एवढे मनाशी आणले की बाकीचे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. विलेम तेव्हा दहा वर्षांचे होते.

१८७८ मध्ये त्यांनी उत्रेख्तच्या विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण सुरू केले. ते नुसते पुस्तकी विद्यार्थी नव्हते. व्यायाम, पट्ट्याचे हात आणि होडी वल्हविणे यांचा त्यांना नाद होता. एकदा व्यायाम करताना पडून त्यांचे मनगट मोडले. हात गळ्यात बांधून घरी बसावे लागले, तर त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी कोपराचा सांधा कसा चालतो याचाच अभ्यास मांडला आणि त्यावर निबंध लिहिला. दुखण्यातूनही शिकावयाचे, हा त्यांचा स्वभावच दिसतो. १८८५ मध्ये त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली, आणि लगेच लायडन येथील जुन्या व नामांकित विद्यापीठात शरीरशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. पुढे मरेपर्यंत ते लायडनलाच राहिले. १८८६ मध्ये त्यांचा विवाह फ्रेडरिक या नात्यातल्याच मुलीशी झाला. नाव पुरुषी वाटले तरी ते तिकडे मुलींचेही असते. त्यांना तीन मुली आणि एक मुलगा झाला. मुलींपैकी योहाना पुढे डॉक्टर झाली.

आता हृदयाकडे वळू. आपले हृदय दिवसरात्र धडधडते ते कशाच्या बळावर? हृदयातच अगदी सूक्ष्म अशी वीज निर्माण होते. ती वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पसरते, तिच्या इशाऱ्याबरोबर हृदयाचे स्नायू आवळतात आणि रक्त पुढे ढकलले जाते. बेडकाच्या हृदयात प्रत्येक ठोक्याबरोबर अशी वीज खेळते, हे जर्मनीतील शास्त्रज्ञांनी १८५६ मध्येच पाहिले होते. पण जिवंत माणसाची छाती उघडून तर पाहता येत नाही.

१८८७ मध्ये लंडनच्या डॉ. ऑगस्टस वॉलर यांनी दाखवून दिले की छाती उघडण्याची गरज नाही, ही वीज कातडीपर्यंत येऊन पोहोचते आणि बाहेरून मोजता येते. त्यांचा जिमी नावाचा एक कुत्रा होता. मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून तो शहाण्यासारखा उभा राही आणि वॉलरसाहेब लोकांना त्याच्या हृदयाची वीज दाखवीत. १९०९ मध्ये त्या कुत्र्याचा छळ होतो की काय, असा प्रश्न इंग्लंडच्या पार्लमेंटात विचारला गेला होता. बिचाऱ्या जिमीला मात्र त्यात काहीच दुखत नव्हते.

१८८९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी शास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तेथे वॉलर यांचा प्रयोग आइंटहोव्हन यांनी प्रत्यक्ष पाहिला, आणि तेव्हापासून हा विषय त्यांच्या मनाने घेतला.

वॉलर यांचे साधन म्हणजे पाऱ्याची एक अतिशय बारीक काचेची नळी होती. वीज आली की पारा किंचित हले आणि त्याचा फोटो निघे. पण पारा पडला जड. हृदयाची वीज क्षणार्धात येऊन जाई, आणि पारा मागून आळोखेपिळोखे देत हले. म्हणून चित्र खरे उमटत नसे. आइंटहोव्हन यांनी प्रथम हेच साधन घेऊन काम केले. त्यांची प्रयोगशाळा एका जुन्या इमारतीत होती. रस्त्यावरून घोडागाडी गेली की जमीन हादरे आणि पारा थरथरू लागे. तो हादरा थांबावा म्हणून त्यांनी जमीन खोल खणून तीत दगड भरले होते, असे सांगतात. तरीही मनासारखे जमेना. शेवटी गणित करून, पारा जर जड नसता तर रेघ कशी आली असती, हे त्यांनी कागदावर शोधून काढले.

१८९५ मध्ये ही शुद्ध केलेली रेघ काढताना तिच्यातील चढउतारांना त्यांनी नावे दिली. सुरुवात इंग्रजी ए या अक्षरापासून न करता त्यांनी मधूनच केली, आणि पी, क्यू, आर, एस, टी ही पाच अक्षरे घेतली. पी म्हणजे वरचे कप्पे आवळू लागतात तो लहानसा उंचवटा. क्यू, आर, एस म्हणजे खालचे मोठे कप्पे आवळतात तेव्हाचे उंच टोक. आणि टी म्हणजे ते कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होतात तेव्हाची लाट. शंभराहून अधिक वर्षे झाली, जगातील प्रत्येक रुग्णालयात आजही हीच अक्षरे चालतात. माझ्या सासूबाईंच्या पट्टीवर डॉक्टरांनी बोट ठेवले, ते यांतल्याच दोन अक्षरांच्या मध्ये.

दर वेळी गणित करून रेघ दुरुस्त करावयाची, हे काही खरे नव्हे. विजेबरोबर तत्काळ हलेल अशी हलकी वस्तू हवी होती. आइंटहोव्हन यांनी पारा सोडला आणि तंतू घेतला. स्फटिक वितळवून त्याचा केसाच्या कितीतरी पटीने बारीक तंतू ओढावयाचा आणि त्यावर चांदीचा मुलामा द्यावयाचा. हा तंतू ओढण्याची रीत ऐकून मला मोठी गंमत वाटली. वितळलेल्या स्फटिकाला बाण चिकटवून तो धनुष्यातून सोडीत. बाण पुढे धावे आणि त्याच्यामागे डोळ्यांना जेमतेम दिसेल असा तंतू ओढला जाई. तो तंतू दोन मोठ्या लोहचुंबकांच्या मध्ये ताणून बसवावयाचा. हृदयाची वीज त्यातून गेली की तो बाजूला सरके. त्याची सावली सूक्ष्मदर्शकातून मोठी करून सरकत्या काचेवर फोटो घ्यावयाचा. रोग्याने हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावयाचे, एवढेच त्याचे काम.

१९०१ मध्ये त्यांनी हे यंत्र जगापुढे मांडले, आणि त्यानंतर लवकरच त्यावर काढलेले माणसाच्या हृदयाचे आलेख प्रसिद्ध केले. गणिताने शोधलेली रेघ आणि यंत्राने काढलेली रेघ हुबेहूब जुळली. इतक्या वर्षांचे कष्ट असे पदरात पडल्यावर त्यांना काय वाटले असेल!

पण हे यंत्र म्हणजे केवढे धूड! वजन सुमारे २७० किलो. दोन खोल्या त्यानेच भरून गेलेल्या. चुंबक तापत म्हणून ते थंड ठेवण्यास पाण्याची सोय लागे, आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. असे यंत्र उचलून रोग्याजवळ नेणे अशक्य होते. रोगी रुग्णालयात, यंत्र प्रयोगशाळेत, आणि मध्ये सुमारे दीड किलोमीटरचे अंतर. ज्याचे हृदय दुखावले आहे त्याला खाटेवरून उठवून इतक्या दूर कसे न्यावयाचे?

आइंटहोव्हन यांनी यावर जो तोड काढला तो मला त्यांच्या सर्व कामांत अधिक आवडतो. त्यांनी रोग्याला हलविले नाही, त्याच्या हृदयाची वीज तेवढी यंत्राकडे आणविली. टेलिफोनच्या तारेने रुग्णालय आणि प्रयोगशाळा जोडली. रोगी रुग्णालयात भांड्यांत हात घालून बसे, आणि दीड किलोमीटरवर प्रयोगशाळेत त्याच्या हृदयाची रेघ उमटे. मार्च १९०५ मध्ये या तारेवरून पहिला आलेख निघाला. तो एका धडधाकट माणसाचा होता. तो माणूस प्रयोगशाळेतून सायकल मारीत रुग्णालयात गेला होता, म्हणून त्याच्या रेघेतील टोके जरा उंचच आली, असे म्हणतात. पुढे खऱ्या रोग्यांचे आलेख निघू लागले. हृदयाचे कप्पे वाढले असता रेघ कशी दिसते, ठोके चुकत असता कशी दिसते, वरच्या कप्प्याची वीज खाली पोहोचलीच नाही तर कशी दिसते, हे सर्व १९०६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. आज लहान गावातल्या दवाखान्यातून कार्डिओग्रामचा फोटो मोबाईलवरून शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना जातो आणि क्षणात सल्ला मिळतो. त्याची पहिली तार लायडनला ओढली गेली होती.

१९०८ पासून इंग्लंडमधील केंब्रिजच्या कारखान्यातून ही यंत्रे विक्रीस येऊ लागली. लंडनचे डॉ. थॉमस लुईस यांनी या यंत्राच्या साहाय्याने हृदयाच्या बिघडलेल्या तालाचा सखोल अभ्यास केला. आइंटहोव्हन आणि लुईस यांचा चांगला स्नेह होता. यंत्र मी केले, तरी त्याचा रोग्यांना उपयोग लुईस यांच्यामुळे झाला, अशी त्यांची भावना असे. दोन कर्तबगार माणसे एकमेकांचे श्रेय मान्य करतात, हे फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते.

तोपर्यंत छातीतली कळ मात्र या रेघेत वाचता येत नव्हती. हृदयाच्या वाहिनीत गुठळी झाली की माणूस जागच्या जागी संपला, अशीच पुष्कळ डॉक्टरांचीही समजूत होती. १९१२ मध्ये अमेरिकेतील शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी दाखवून दिले की, असे रोगी जगतातही, आणि त्यांचे दुखणे ओळखता येते. त्यानंतर १९२० मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. हॅरल्ड पार्डी यांनी अशा रोग्याच्या आलेखातील खूण वर्णन केली. एस आणि टी यांच्यामधली रेघ एरवी सपाट असते. वाहिनी एकाएकी बंद झाली की ती वर उचलली जाते. सासूबाईंच्या पट्टीत डॉक्टरांनी बोट ठेवले ते ह्याच ठिकाणी. मला जे पित्त वाटले, ते त्या कागदावर स्पष्ट लिहिलेले होते. वाचणारा तयार होता, यंत्र तयार होते. रोगी तेवढा उशिरा पोहोचला.

१९२४ मध्ये आइंटहोव्हन यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ते त्या वेळी व्याख्यानांसाठी अमेरिकेत गेलेले होते आणि ही बातमी त्यांना तेथेच कळली. या पारितोषिकाविषयी एक हकीकत सांगतात. यंत्र बांधण्याच्या कामी व्हान डर वूर्ट नावाच्या कारागिराने त्यांना वर्षानुवर्षे मदत केली होती. बक्षिसाच्या पैशात त्याचाही वाटा आहे, असे आइंटहोव्हन यांच्या मनाने घेतले, आणि त्यांनी त्याचा शोध केला. तो तर वारला होता. त्याच्या दोन वृद्ध बहिणी गरिबीत दिवस काढीत होत्या. आइंटहोव्हन त्यांना जाऊन भेटले आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांच्या हाती दिली. भगिनींनो, आपल्या घरच्या यशातही कितीजणांचे हात लागलेले असतात! त्यांची आठवण बक्षीस हाती आल्यावर किती जणांना राहते?

अखेरच्या वर्षांत त्यांनी आपला मुलगा विलेम, जो विजेचा इंजिनियर होता, त्याच्याबरोबर काम केले. तोच तंतू आणखी बारीक करून दूरवरचे बिनतारी संदेश टिपण्यासाठी बापलेकांनी तो वापरला. ज्या जावा बेटातून विधवा आईचे बोट धरून ते आले होते, तेथून हवेतून येणारे संदेश त्यांच्या तंतूवर उमटू लागले. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडन येथे पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते.

त्यांच्यामागे काम थांबले नाही. पुढच्या डॉक्टरांनी छातीवरही तारा लावून आलेख काढण्याची रीत पक्की केली आणि आजचा बारा अंगांनी पाहणारा कार्डिओग्राम तयार झाला. गुठळी विरघळविणारी औषधे आली. हातातून किंवा मांडीतून बारीक नळी घालून बंद वाहिनी उघडण्याची अँजिओप्लास्टी आली. आणि दोन खोल्या भरणारे ते २७० किलोचे धूड आता एका हातात उचलता येईल अशा पेटीत मावते. रुग्णवाहिकेतही ते असू शकते.

इतके सारे झाले, तरी एक गोष्ट तशीच राहिली आहे. आइंटहोव्हन यांच्या काळी यंत्र जड होते म्हणून रोगी त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. आज यंत्र हलके झाले, आणि आपले पाय जड झाले आहेत. कोणाचा डबा व्हावयाचा असतो, कोणाकडे पाहुणे असतात, कोणाला वाटते की रात्रीच्या वेळी घरच्यांना उठवावे कशाला. पुरुषांनी छातीवर हात धरला तर घर धावते. बाई मात्र ओव्याचा अर्क घेऊन भाकरी थापीत राहते. त्यातून बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. पाठ, जबडा, मान किंवा डावा हात दुखणे, पोटाच्या वरच्या भागात दाटणे, मळमळ, गार घाम, श्वास लागणे, किंवा नेहमीसारखे काही केलेले नसताना एकाएकी गळून जाणे, असेही त्याचे रूप असते. ही रूपे मला ठाऊक नव्हती, म्हणून ही हकीकत लिहिली.

पुतणीने मला जे सांगितले ते असे. असे काही नव्याने झाले आणि थोड्या वेळात थांबले नाही, तर पित्त की आणखी काही, याचा निवाडा घरी करू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फुकट मिळते. तिला फोन करावा. रोग्याने चालत जाऊ नये, जिना उतरू नये, स्वतः गाडी तर चालवूच नये. शांत बसवावे, कपडे सैल करावेत. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून घेण्यास डॉक्टर पुष्कळदा सांगतात, पण ती फोनवर विचारूनच द्यावी, कारण काहींना ती चालत नाही. शेजारणीच्या जिभेखालच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. रोगी बेशुद्ध पडला आणि श्वास घेईना, तर वाट न पाहता छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने आणि भराभर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहावे, मदत येईपर्यंत थांबू नये.

दवाखान्यात गेल्यावर आपण भिडस्तपणे बसून राहतो. तेथे छाती, पाठ किंवा जबडा दुखत असल्याचे स्पष्ट सांगावे आणि कार्डिओग्राम काढावयाचा का, हे स्वतः विचारावे. रुग्णालयात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत तो निघावा, असा आजचा नियम आहे. पहिली पट्टी चांगली आली म्हणजे सर्व ठीक, असेही नाही. दुखणे चालू असेल तर ती पुन्हा काढतात आणि रक्तही तपासतात. म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले, तर घरी दूध उतू जाईल म्हणून निघून येऊ नये.

आमच्या आळीतील चौघींनी मिळून एक लहानसे काम केले आहे. रात्रीबेरात्री कार्डिओग्राम निघेल असे जवळचे रुग्णालय कोणते, हे प्रत्यक्ष जाऊन विचारून आलो. त्याचे नाव आणि १०८ हा आकडा एका कागदावर ठळक लिहून प्रत्येकीने आपापल्या स्वयंपाकघरात दाराच्या आतल्या बाजूस चिकटविला आहे. मंडळाच्या सभागृहातही तसा कागद लावावा, अशी माझी सूचना आहे.

आणखी एक. ज्यांचा कार्डिओग्राम पूर्वी कधी निघाला असेल, त्यांनी ती पट्टी टाकून देऊ नये. नवी पट्टी पाहताना डॉक्टरांना जुनीचा फार उपयोग होतो. आमच्या सासूबाईंनी आपली पट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखालच्या खणात, हरिविजयाच्या पोथीशेजारी ठेवली आहे. तो कागद फार दिवसांनी पुसट होतो म्हणून पुतणीने तिची एक झेरॉक्सही काढून दिली आहे. ती कोठे ठेवली आहे, हे आता घरातील लहान मुलांनासुद्धा ठाऊक आहे.